लंगोट मी धूत होते

अश्दोद, २९ फेब्रुवारी १९७६

जूडिथ, शालोम.

आशीर्वाद लिहीत नाही. नको असलेली वस्तू कुणाच्या दारात नेऊन ठेवायची सवय तुझ्या आईला आहे, मला नाही.

मूल उचललंस आणि हैफाची बस धरलीस. सासूला विचारणं दूर, सांगितलंसुद्धा नाहीस. मी मासे आणायला गेले होते. परत आले तर पाळणा रिकामा, आणि वरच्या मजल्यावरची योखेवेद जिन्यात उभी राहून मला बातमी देते की तुमची सून सकाळीच गेली, बाळाला शालीत गुंडाळून. सगळ्या इमारतीला आधी कळलं आणि मला शेवटी. तिच्यासमोर मी म्हटलं, "हो हो, मीच पाठवली." माझ्या अब्रूची काळजी मलाच करायची असते.

काय एवढं झालं होतं? सुंता झाली की रक्त येतंच. थोडं जास्त आलं, चार फडकी भिजली. डॉक्टरने येऊन सुई टोचली आणि थांबलं. तिथे विषय मिटायला हवा होता. पण त्या डॉक्टरने पोराच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पोट चाचपलं, हैफाच्या इस्पितळात मुलांच्या लिव्हरचा मोठा डॉक्टर आहे असं काहीतरी पुटपुटला, आणि तुला काय, माहेरी जायला निमित्तच हवं होतं.

सुंता केली म्हणून सॅम्युएलमामांना बोल लावू नकोस. आठव्या दिवशी सुंता करायला जो मोहेल आला होता, तो गोरा, दाढीवाला, त्याने सुंतेची पेटीसुद्धा उघडली नाही. पोराच्या कपाळावर अंगठा दाबला, "पिवळं आहे, रंग उतरला की बोलवा" म्हणाला आणि चालू लागला. पिवळ्या मुलाची सुंता करत नाहीत हे मला शिकवू नकोस, आमच्या नागावलाही करत नव्हते. पण थांबायचं म्हणजे किती? सुंता नाही तर मुलग्याला नाव नाही. महिना उलटला तरी आपलं पोर नुसतं 'बाळ'. योखेवेद रोज विचारायची, "काय हो, हिंदुस्थानात आठवा दिवस केव्हा येतो?" तू आतल्या खोलीत पडलेली, तुला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. ज्या देशात आम्हाला विचारलं गेलं की तुम्ही खरे यहुदी कशावरून, आणि त्यासाठी माझ्या नेहेमियाचे बाबा यरुशलेमच्या उन्हात रस्त्यावर धरणं धरून बसले, त्याच देशात त्यांचा नातू सुंतेवाचून ठेवायचा?

म्हणून मी हळद-तेल सुरू केलं. नेहेमियाला मी हळद-तेलानेच चोळून वाढवला, त्याला काय झालं? बाळ-दवाखान्यातली ती पनीना नर्स पहिल्यांदा दचकली. "हा असा पिवळा का?" मी म्हटलं, "आमचा हिंदुस्थानी साबण आहे." हसली. पुढे तिने विचारायचंच सोडलं. दारात आम्हाला पाहिलं की म्हणायची, "आलं का जेरुशाचं लिंबू!" योखेवेदचंही तोंड बंद झालं. आणि सॅम्युएलमामा रामलेहून दोन बस बदलून आले, त्यांनी विचारलं, "पिवळा काय गं पोर?" मी म्हटलं, "मामा, हळद." "माझी आईही लावायची," म्हणाले आणि कामाला लागले. त्यांना एका डोळ्याने कमी दिसतं, पण हात अजून पक्का आहे. मलिदा झाला, पाच फळं ठेवली, एलियाहू हन्नबीचं नाव घेतलं, आणि पोराला त्याच्या आजोबांचं नाव मिळालं.

मनाशे. ते वापरा. इस्पितळातल्या पाटीवर 'जूडिथचा मुलगा' असं लिहून घेतलंस तर मला खपणार नाही. वजन किती भरलं ते कळव.

जेरुशा


अश्दोद, ९ मार्च १९७६

जूडिथ,

पत्र मिळालं. वर 'आई' लिहायला तुझी शाई संपली वाटतं. एकच प्रश्न, आणि त्याखाली रेघ: 'मनाशेची शी पांढरी केव्हापासून होती?' म्हाताऱ्या बाईला असं विचारतात? पोलीससुद्धा आधी बसा म्हणतात.

तुझा तो डॉक्टर त्स्वी काय म्हणतो ते मी तीनदा वाचलं. मला अडाणी समजू नकोस, सगळं समजलं. पोराला दोनांपैकी एक आहे. एक म्हणजे लिव्हरमधून पित्त खाली आतड्यात उतरवणारी नळीच जन्मापासून बंद होत गेली आहे. तसं असेल तर ताबडतोब पोट उघडायचं, आतड्याचा तुकडा वर ओढून लिव्हरला जोडायचा. जपानात कुणीतरी काढलेली युक्ती आहे, पण मूल दोन-अडीच महिन्यांचं होईपर्यंतच उपयोगाची, नंतर लिव्हर कडक होतं. किंवा दुसरं, लिव्हरला नुसती सूज आहे. ती औषधाने आणि वेळेने उतरते, आणि अशा मुलाचं पोट उघडलं तर तेच त्याला मारतं. बाहेरून दोन्ही मुलं सारखीच पिवळी. फरक शीचा. नळी बंद असेल तर पहिल्या आठवड्यांपासून पांढरी आणि मग पांढरीच. सूज असेल तर मधूनमधून रंग येतो.

आणि हे ठरवायला एवढ्या मोठ्या इस्पितळाला जेरुशाबाई लागते? तूच लिहितेस की किरणांचं औषध टोचून त्याची शी साठवली, पण त्यात मूत मिसळलं आणि तपासणी वाया गेली. ज्यांना लहान पोराची शी कोरडी धरता येत नाही, त्यांनी मला प्रश्न विचारावेत! लिव्हरचा बारीक तुकडा काढून काचेखाली पाहिला, तरी त्यांच्यात एकमत नाही.

आता मी तुला विचारते. तू कुठे होतीस? छातीला गळू झालं, ताप चढला, बाईसाहेब पलंगावर. मूल रडलं की मी उठायची. न्हाऊ मी घालायची, लंगोट मी धूत होते. तू फक्त दूध पाजायला हात पुढे करायचीस, आणि ते दूध कसलं होतं ते देवाला माहीत. माझ्या मते सगळं त्या दुधातूनच आलं आहे. तुझ्या त्स्वीला विचार, गळवाचं दूध लिव्हरला काय करतं.

तू म्हणतेस, खिडकीतून दोरीवरचे लंगोट तुला पिवळे दिसायचे. दिसायचे ना? मग पिवळे होते. त्यावर तुझा दुसरा प्रश्न, की तो रंग हळदीचा होता का शीचा. मी काय प्रत्येक लंगोटाला भिंग लावून बसले होते? पोराच्या ढुंगणाला हळद-तेल लावलं की लंगोटाला लागणारच.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. मी लिहायचं की हो, पांढरी होती, आणि तू तो कागद नेहेमियापुढे धरायचा: बघ, तुझ्या आईला पोर आजारी आहे हे माहीत होतं आणि तरी तिने सुंता करवली, तरी त्याचं रक्त जाऊ दिलं. माझा एकुलता एक मुलगा माझ्यापासून तोडायला तुला एवढं एकच वाक्य हवं आहे. ते माझ्याकडून मिळणार नाही.

जेरुशा


अश्दोद, २१ मार्च १९७६

जूडिथ,

नवऱ्याला माझ्यावर सोडलंस. कामावरून, एलातहून दिवसभर बसमध्ये बसून आला बिचारा. बंदरातलं तेल अजून नखांत होतं. दारातच उभा राहिला, आत येईना.

"इमा, एक विचारतो. खरं सांग."

"आधी पाय धू."

"इमा, दी! पुरे! रोफे त्स्वी थांबलाय. उद्या ऑपरेशन करायचं का नाही, ते त्याला ठरवायचंय. तो म्हणतो, घरात पोराचे लंगोट कोण बदलायचं तिला विचारून या. शी कशी होती?"

"कशी असते? मुलांची असते तशी."

"रंग, इमा. रंग सांग."

मी त्याच्याकडे पाहिलं. बाप गेल्यावर हाच मुलगा मला म्हणाला होता की तुला कधी एकटी टाकणार नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यामागे तू उभी होतीस. मी पांढरी म्हटलं असतं तर त्याच पावली तो परत गेला असता आणि पुन्हा या घराची पायरी चढला नसता. तुझं काय, तुला दुसरी सासू नको आहे. मला दुसरा मुलगा नाही.

मी म्हटलं, "मोहरीसारखी पिवळी होती. तुझी असायची तशीच. सुंतेच्या दिवसापर्यंत पिवळी. नंतर तुझ्या बायकोने नेला, पुढचं मला माहीत नाही."

"अब्बाच्या नावाने सांग."

"मनाशेच्या नावाने," मी म्हटलं.

तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. सुटल्यासारखा. म्हणाला, "मग सूज आहे. मग वाचेल." कोपऱ्यावरच्या फोनमध्ये टोकन टाकून त्याने हैफाला कळवलं. परत आला तेव्हा मी मासे तळले होते. भरपूर जेवला. कित्येक दिवसांनी माझ्या हातचं पोटभर जेवला.

आता डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं असं तो सांगून गेला. औषधं देणार, वेगळं दूध देणार आणि वाट बघणार. बघ, तुझ्या पोराच्या पोटावर सुरी चालणार होती, ती मी थांबवली. आभार मानायची तुमच्याकडे पद्धत नसेल, पण निदान शिव्या देऊ नकोस.

जेरुशा


अश्दोद, ८ एप्रिल १९७६

जूडिथ,

तुला योखेवेदच्या हैफातल्या भाचीकडून कळलंच असेल की मी हैफाला आले होते. कळू दे. पेसाहची साफसफाई अर्धी टाकून आले. तुझ्या आईला भेटायला नाही, तुला तर नाहीच. नातवाला बघायला.

तू खालच्या कँटीनमध्ये गेली होतीस. मी काचेबाहेर उभी राहिले. आत सोडा म्हटलं नाही, उगाच तमाशा नको. केवढा झाला आहे गं! पोट चांगलं सुटलं आहे. तुझी आई सगळ्यांना सांगत फिरते की पोटात पाणी भरलं. तिला पोटभर प्यायलेलं मूल कधी बघायला मिळालं नसेल. हातपाय मात्र काड्या झाले आहेत, ते तुझ्याकडून. तळवे रडून रडून खाजवत होता. नखं काप त्याची. रंग आता पिवळासुद्धा राहिला नाही, हिरवट वाटतो, जुन्या पितळेच्या भांड्यासारखा. हळद थांबून महिना झाला, तेव्हा तेही आता माझ्यावर ढकलता येणार नाही.

नर्सने लंगोट सोडला. मी तोंड फिरवलं. मला काय बघायचं होतं त्यात.

तेवढ्यात तो त्स्वी बोळातून आला. मी त्याला कोटाच्या रंगाने नाही, चालण्यावरून ओळखला. मोठे डॉक्टर असेच चालतात, जणू जमीन त्यांच्या बापाची. माझा हात पुढे गेला आणि मी त्याची बाही धरली. तो थांबला. वाकून, हळू हिब्रूत बोलला, मला समजावं म्हणून.

"सावता, तुम्ही मनाशेच्या आजी ना? मला काही सांगायचं आहे का?"

किती मऊ बोलला! माझ्या सख्ख्या माणसांत कुणी इतकं मऊ बोललं नाही मला. त्याच्यामागे जिन्यावरून नेहेमिया वर येत होता, हातात दुधाची बाटली घेऊन. त्याने मला पाहिलं आणि हसला. "इमा, आलीस!" म्हणाला.

मी डॉक्टरला म्हटलं, "त्याला सकाळचं ऊन दाखवत जा."

डॉक्टर गेला. नेहेमियाने मला बसस्टॉपपर्यंत सोडलं, खिडकीची जागा मिळवून दिली. वाटभर मी खिडकी उघडीच ठेवली. बसच्या तेलाचा वास मला सोसत नाही.

पेसाहला ये म्हणणार होते. नको येऊस. उगाच दगदग.

जेरुशा


अश्दोद, ५ मे १९७६

जूडिथ,

शेवटी फाडलंच.

तुझ्या दोन ओळी पोचल्या. पोट उघडलं तर नळीच्या जागी वाळक्या दोऱ्यासारखं काहीतरी सापडलं. सूज नव्हतीच, नळीच बंद होती. आतडं वर ओढून जोडलं खरं, पण लिव्हर आधीच दगडासारखं झालं होतं, पित्त उतरत नाही. त्स्वी म्हणाला, मार्चमध्ये केलं असतं तर. आणि ते 'तर' तू असं मोठं लिहिलं आहेस की कागद फाटला आहे.

मग मार्चमध्ये का नाही केलं त्याने? मला सांग ना. यंत्रं त्याची, काचा त्याच्या, किरणांचं औषध त्याचं, आणि एवढा शिकलेला माणूस एका म्हातारीच्या तोंडाकडे बघत बसतो? मी काय डॉक्टर आहे? उद्या मी म्हटलं असतं की चंद्र पिवळा आहे म्हणून पोर पिवळं आहे, तर तेही त्याने लिहून घेतलं असतं का? त्याला विचार. माझ्याकडे बोट करू नकोस.

तू नेहेमियाला काय काय सांगते आहेस हे मला माहीत नाही. गेल्या शुक्रवारी तो आला होता. शब्बाथचा दिवा लावताना माझ्या शेजारी उभा राहिला. मला अजून आई म्हणतो. मी तुझ्यापुढे पदर पसरत नाही, पण एवढं तरी राहू दे. तुझ्याकडे तुझी आई आहे, भाऊ आहेत, तुझं वय आहे. मला रात्री या घरात भिंतींशी बोलावं लागतं.

मनाशेसाठी मी मलिद्याचे पोहे पाठवते आहे, मुंबईहून आलेले. त्याचा नवस बोलले आहे. मलिदा तुझ्या आईला येत नसेल तर तिला म्हणावं, गूळ शेवटी घालायचा.

जेरुशा


अश्दोद, २८ नोव्हेंबर १९७६

जूडिथ,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा घरातली माणसं आपापल्या वाटेने गेली असतील.

मनाशे गेल्यावर मी तुमच्याकडे सुतकाला बसायला आले तेव्हा तू माझ्याशी भांडली नाहीस. मी तयारी करून आले होते. सबंध वाटभर बसमध्ये काय काय बोलायचं ते जुळवत होते. तू मला जागा दिलीस, पाणी दिलंस. इतक्या लहान मुलाची कबर केवढीशी असते ते मला नेहेमियाने सांगितलं, मी विचारलं नव्हतं. पोर शेवटच्या दिवसांत रक्ताच्या उलट्या करत होतं हेही सांगितलं. मी ऐकून घेतलं. माझ्या नवऱ्याचं नाव दोनदा जमिनीत गेलं, माझं काय झालं असेल ते तुला कळणार नाही. तो माझाही होता. त्याचे पहिले आठवडे माझ्या मांडीवर गेले, तुझ्या नाही.

ते सगळं मी सोसलं असतं. पण संध्याकाळी त्स्वी आला. सगळे उठून उभे राहिले. तो मधोमध बसून म्हणाला की कुणाचा दोष नाही, आम्हालाच ओळखता आलं नाही, मग घरच्या माणसांना काय ओळखता येणार. माना डोलल्या. तुझी आई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ द्या हो, तुम्हाला बिचारीला काय कळणार. दिसत तरी होतं का नीट तुम्हाला." आणि नेहेमिया, माझा नेहेमिया, तिच्याकडे बघून म्हणाला, "इमा शिकलेली नाही. तिला पिवळं-पांढरं काय समजतं. मीच तिला विचारायला जायला नको होतं." आणि तू म्हणालीस, "मी त्यांना माफ केलं आहे."

मला माफ केलं! भर लोकांत! खुळी आणि आंधळी समजून! योखेवेदसुद्धा तिथे बसली होती, तिनेही मान हलवली. बसमध्ये तिने माझी पिशवी धरली आणि मला जिना चढताना दंड धरून वर आणलं, जणू मला घर सापडणार नाही. रोज येऊन विचारते, "जेरुशा, गॅस बंद केला का?" नेहेमिया फोन करतो तेव्हा हळू, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलतो. वेड्या माणसाशी बोलतात तसं.

ऐक आता. मी पाच मुलांना जन्म दिला आणि चार पुरली, नागावला नि मुंबईला. कुठल्या पोराच्या पोटात काय आहे हे मला त्याच्या लंगोटावरून कळतं. तू ताप येऊन पडलीस त्या आठवड्यात, पहिला मोहेल येऊन गेल्यानंतर तीनच दिवसांनी, मी मनाशेचा लंगोट उलगडला आणि शी पांढरी होती. फिकी नाही. पांढरी, भिजवलेल्या चुन्यासारखी. दुसऱ्या दिवशी तशीच, तिसऱ्या दिवशी तशीच, आणि सुंतेच्या सकाळीही तशीच. एकदाही पिवळी झाली नाही. मूत मात्र काळ्या चहासारखं, धुतलं तरी डाग जात नव्हता. मला तेव्हाच कळलं की पोराच्या आत काहीतरी बंद आहे. हळद मी ढुंगणाला जास्त लावायची, ती उगाच नाही.

तुझ्या त्स्वीला सुरी लावून कळलं. मला न्हाणीघरात, दगडावर बसून, त्याच्या आधी कळलं होतं.

हे पत्र नेहेमियाला मोठ्याने वाचून दाखव. त्याची आई अडाणी नाही हे त्याला कळायला हवं.

जेरुशा